सोलर गाड्यांची शर्यत: नऊला शिट्टी वाजली अन् एकही गाडी हलली नाही

माळरान | २७ जानेवारी, रात्री ९:४०

काल गावासमोर आमचं हसं झालं. आधी ते सांगतो, प्रश्न नंतर.

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. सहावी ते आठवीचं विज्ञान माझ्याकडं. दिवाळीनंतर आठवीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, आमच्या बोअरवर सोलरवर पाच एचपीची मोटर चालायली, मग गाडी का चालंना?" उत्तर द्यायचं सोडून मी म्हणालो, करून बघू. तिथून हे खूळ लागलं. तिन्ही वर्गांतली ३१ लेकरं, नऊ गट. प्रत्येक गटाला एक पॅनल दिलं, सहा व्होल्ट एक वॅटचं, आणि एक ती पिवळी बीओ मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी, पोटात गिअर असलेली छोटी मोटर. निम्मे पैसे माझे, निम्मे हेडमास्तरांनी कुठून आणले ते मी विचारलं नाही. बाकी सगळं घरचं: सायकलच्या स्पोकचा आस, त्याला रिफिलच्या नळीचं बेअरिंग, जुन्या सीड्यांची नाहीतर बरणीच्या झाकणांची चाकं, थर्माकोल, साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा.

अमेरिकेत पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी ज्युनिअर सोलर स्प्रिंट नावाची शर्यत असते, तिचं वाचलं होतं. तिथं धाव २० मीटरची, म्हणून आम्हीही मैदानात फक्कीनं २० मीटरच्या रेघा मारल्या. २६ जानेवारीला झेंडावंदनाला गाव जमतंच, सरपंच असतात, म्हणून तोच मुहूर्त धरला. भाषणं लवकर आटोपली. ठीक नऊला नऊ गाड्या रेषेवर. प्रत्येक गाडीवर लेकरांनी कागदी तिरंगा डौलात उभा केलेला. शिट्टी वाजवली.

काही नाही. एक गाडी थोडी थरथरली, बाकीच्या ढिम्म. मागून एक म्हातारबा ओरडले, "सर, धक्का द्या की!" मग जे हसू पिकलं ते पिकलं. जिलेबी वाटून लोक घरी गेले.

चटका पुढं आहे. साडेबाराला मी कपाटाला कुलूप लावत होतो तर मैदानातून आरडाओरडा. तीन-चार पोरं घरी गेलीच नव्हती. नऊपैकी सहा गाड्या चालायल्या होत्या. हळू, वाकड्या, पण चालायल्या होत्या. बघायला कोणी नाही.

आता विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, परत लावायची आहे. तीन गोष्टी विचारतो. किती वाजता लावावी? गाड्या इतक्या हळू का? आणि सगळ्यात अवघड, नियम कसे करावेत? मागच्या वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनात शहरातल्या एका शाळेनं विकतचं किट जोडून आणलं आणि पहिला नंबर नेला. आमची लेकरं परतीच्या जीपमध्ये एक शब्द बोलली नाहीत. बापाचं पाकीट जिंकू नये असा नियम लिहायचा कसा?

निवांत_पिंपळ | २७ जानेवारी, रात्री १०:०५

थंडीत सकाळी नऊला सोलर गाडी! सर, माफ करा, मलापण हसू आलं. म्हातारबांना पुढच्या वेळी पंच करा.

भंगारवाला_इंजिनिअर | २७ जानेवारी, रात्री ११:३०

हसण्यासारखं काही नाही, हिशोब बघा. २६ जानेवारीला सकाळी नऊला लातूरकडं सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो. तुमची पॅनलं गाडीवर आडवी झोपवलेली असणार. मग सरळ समोरून जेवढं ऊन मिळालं असतं त्याच्या ४३ टक्केच त्यांच्या वाट्याला येतं. सकाळची किरणं जास्त हवेतून, जास्त धुळीतून येतात, म्हणून ते ऊन मुळातच मवाळ. दुपारी तेच आडवं पॅनल ८० टक्के घेतं. पोरांनी काही जादू केली नाही.

दुपार म्हणजे मात्र बारा नव्हे. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, लातूर ७६.५ च्या आसपास. तिथंच २४ मिनिटं गेली. जानेवारी-फेब्रुवारीत सूर्य त्याहून बारा-तेरा मिनिटं मागं असतो. म्हणजे तुमच्याकडं सूर्य माथ्यावर यायला बारा पस्तीस होतात. साडेअकरा ते दीड धरा.

आता मोटर. सहा व्होल्ट एक वॅटचं पॅनल कडक उन्हात १७०-१८० मिलिअँपिअर करंट देतं. त्याच्यावर एक थेंब नाही. बॅटरीचं तसं नसतं. मोटर अडली की बॅटरी जास्त करंट ओतते आणि गाडी सुटते. पॅनल ओतत नाही. मोटरीचा जोर करंटवर, म्हणून जागच्या जागीच अडते. त्यात पिवळ्या मोटरीच्या पोटात प्लॅस्टिकचे दाते आहेत, बराच करंट ते फिरवण्यातच जातो. वेगाचं म्हणाल तर मिनिटाला १५० फेरे, तिच्यासोबत मिळणारं साडेसहा सेंटिमीटरचं चाक, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. तेही पूर्ण सहा व्होल्ट मिळाले तर. २० मीटरला ४० सेकंद. ही शर्यत नव्हे, वरात.

भंगारात जा. जुन्या सीडी-डीव्हीडी प्लेयरमध्ये तबकडी फिरवणारी चपटी मोटर असते. मोकळी फिरताना वीस-तीस मिलिअँपिअर घेते. तिच्या शाफ्टवर रिफिलचा तुकडा, आसावर बाटलीचं झाकण आणि दोघांत रबरबँड. झाकण रिफिलच्या दहापट रुंद, म्हणजे दहास एक गिअर फुकटात. टेपरेकॉर्डरची मोटर मिळाली तर जपून घ्या. गाणं एका लयीत वाजावं म्हणून तिच्या पोटात वेग बांधणारं सर्किट असतं. ते काढल्याशिवाय ती पळत नाही.

रेणापूरकर | २८ जानेवारी, सकाळी ६:५०

मी मास्तर नाही, शेतकरी आहे. आमच्याकडं सौर पंप बसून दोन वर्षं झाली. सकाळी नऊला ह्या दिवसांत तो पाणी फेकत नाही, गुळण्या टाकल्यावाणी करतो. साडेदहाला धार लागती. ढग आला की धार पाईपात बसती. हे त्या आठवीतल्या लेकराला ठाऊक असणार, सर. मुहूर्त काढायच्या आधी त्यालाच विचारायला पायजे होतं.

अजून एक. तुरीच्या राशी चालू असल्या की पॅनलवर भुसकटाचा थर बसतो. आम्ही आठ दिवसाला धुतो. मैदानात शे-दोनशे माणसं चालली की फुफाटा उडणारच. शिट्टीच्या आधी एकदा ओल्या फडक्यानं पुसा.

माळरान | २८ जानेवारी, सकाळी ७:३०

रेणापूरकर, बरोबर बोललात. आज त्या पोराला विचारलं. म्हणाला, "मला माहीत होतं सर, पण तुम्ही टाइम सांगितला होता."

गोदाकाठची | २८ जानेवारी, दुपारी ४:१५

सर, तिरंगा! सगळ्यांनी वेळ आणि मोटर बघितली, पण गाडीवर झेंडा उभा केलाय हे तुम्हीच लिहिलंय. त्याची सावली कुठं पडली? नऊला सूर्य आग्नेयेला आणि खाली, सावली लांबलचक. झेंडा पॅनलच्या उजेडाच्या बाजूला असेल तर ती पॅनलवरच आडवी पडली असणार.

आमच्या शाळेत (नांदेडकडं) मी हे मुद्दाम करून दाखवते. पळणाऱ्या गाडीचं पॅनल उचलून घ्यायचं आणि एकाच पट्टीवर बोट आडवं धरायचं. मोटर थांबते. मुलांना वाटतं बोटाएवढी सावली म्हणजे बोटाएवढंच नुकसान. तसं नसतं, कारण सगळ्या पट्ट्या एकामागं एक जोडलेल्या. पाटाला एका ठिकाणी दगड आडवा पडला की खालचं सगळं वावर कोरडं, तसं.

दुसरं, पॅनल सूर्याकडं नीट वळलंय का हे बघायला पॅनलच्या कडेला एक छोटा खिळा काटकोनात उभा चिकटवा. खिळ्याची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनल वाकवायचं. सावली गेली की नेम बरोबर लागला. मग खिळा काढून टाका. सहावीतल्या मुलींनाही एका मिनिटात जमतं.

सरळ जाण्यासाठी तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) वापरा. रेघेच्या दोन्ही टोकांना खुंट्या, मधे तंगूस ताणून बांधायचा, गाडीच्या पोटाखाली सेफ्टी पिनेचं कडं, त्यातून तंगूस. अमेरिकेतही तार लावूनच पळवतात.

आणि एक खरं खरं विचारते, राग मानू नका. तुमच्या नऊ गटांत सोल्डरिंग कोणी केलं आणि रंग कोणी दिला? आमच्याकडं पहिल्या वर्षी सगळ्या मुली थर्माकोल रंगवत बसल्या होत्या आणि गन मुलांच्या हातात. दुसऱ्या वर्षी मी चिठ्ठ्या टाकून कामं दिली.

माळरान | २८ जानेवारी, रात्री ८:२०

ताई, सावलीचं आज लगेच करून बघितलं. पाच गाड्यांवर झेंड्याची सावली पॅनलवर येत होती. आता झेंडा काढायला कोण तयार होणार, हा वेगळाच प्रश्न.

सोल्डरिंगचं विचारलंत. लाज वाटली. नऊपैकी आठ गटांत गन मुलांकडं होती.

अवांतर_राव | २९ जानेवारी, दुपारी १:००

थोडं अवांतर. सौर गाड्यांची मोठी शर्यत ऑस्ट्रेलियात होते, डार्विन ते अॅडलेड, सुमारे ३००० किलोमीटर. पहिली १९८७ साली. जनरल मोटर्सची सनरेसर जिंकली, सरासरी ताशी ६७ किलोमीटर. म्हणजे आपल्या लाल परीपेक्षा जोरात, आणि डिझेल शून्य. तिथंही ढग आला की भल्याभल्यांचं तोंड उतरतं. मास्तर, तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

संभाजीनगरची_आई | २९ जानेवारी, रात्री ९:१०

किटबद्दल थोडं. माझ्या मुलानं सहावीत असताना किटच जोडलं होतं. म्हणून त्याला काही आलं नाही असं नाही. दोन वेळा उलटं जोडलं, गाडी मागं गेली, तेव्हा प्लस-मायनस कळलं. सगळ्याच आईवडिलांना भंगारवाल्याकडं जायला वेळ नसतो, आणि शहरात लेकराला भंगारात पाठवायची भीतीही वाटते. किट आणणारी मुलं लबाड असतात असा सूर धाग्यात येऊ नये एवढंच.

माळरान | २९ जानेवारी, रात्री १०:००

ताई, किटवर राग नाही. तुमच्या मुलानं उलटं जोडून सरळ केलं, मी असतो तर त्यालाच गुण दिले असते. राग गुण देणाऱ्यांवर आहे. परीक्षकांनी गाडी लांबूनच बघितली. चकचकीत होती, नंबर दिला. एक प्रश्न विचारला नाही.

भंगारवाला_इंजिनिअर | २९ जानेवारी, रात्री ११:४५

मग नियम तिथंच करा. किट चालेल, भंगार चालेल, काहीही चालेल. शर्यतीच्या आधी पंचांसमोर मोटर सोडवायची, पॅनलची वायर सोडवायची, आणि दहा मिनिटांत परत जोडून चाक फिरवून दाखवायचं. ज्या हातांनी गाडी बनवली त्यांना दहा मिनिटं पुष्कळ. ज्यांच्या काकांनी बनवली ते घामाघूम होतील. चिठ्ठी टाकून गटातल्या कोणालाही बोलवा, म्हणजे रंगवणारीलाही वायर माहीत असावी लागेल. गोदाकाठच्या ताईंचा प्रश्नही त्यातच सुटतो.

पॅनल मात्र सगळ्यांना सारखं. पॅनल मोकळं सोडलं की शर्यत पैशांची झाली. ज्युनिअर सोलर स्प्रिंटमध्येही गाडीच्या मापावर मर्यादा आहे, ३० बाय ६० बाय ३० सेंटिमीटर. तेवढी मोकळीक पोरांना बास.

निवांत_पिंपळ | ३० जानेवारी, सकाळी ११:२०

ढग आला तर? फेब्रुवारीत शक्यता कमी, पण गारपीट आपल्याला सांगून येत नाही.

गोदाकाठची | ३० जानेवारी, दुपारी १२:१०

त्या अमेरिकेच्या शर्यतीत ढगाळ असलं तर दोन पेन्सिल सेल लावायची मुभा असते. मला ते पटत नाही. ढग असेल तर थांबा, गोष्टी सांगा, गाणी म्हणा. ढग जाईपर्यंत वाट बघणं हाही सौरऊर्जेचा धडाच आहे. पण अधिकारी येणार असतील तर सेल खिशात असू द्या.

शाळासोबती | ३१ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

पैशांसाठी केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत नाव का देत नाही? सहावीपासूनच्या मुलांची कल्पना निवडली गेली तर मॉडेलसाठी दहा हजार मिळतात.

माळरान | ३१ जानेवारी, रात्री ९:००

ते एका मुलाच्या एका नव्या कल्पनेला असतात. ३१ लेकरांच्या शर्यतीला नाही. आणि सोलर गाडी ही काही नवी कल्पना नव्हे, हे निवडणाऱ्यांना कळतंच. एक पोरगी मात्र पॅनल धुवायचा वायपर करते म्हणते, तिचं नाव पाठवतोय. शेतातूनच सुचलंय तिला.

माळरान | ८ फेब्रुवारी, रात्री ८:५०

मधली हकिकत. रविवारी तीन पालक आणि चार लेकरं घेऊन लातूरला गेलो. गंजगोलाईच्या मागं एका भंगारच्या दुकानात डीव्हीडी प्लेयरचा ढीग. मालकानं किलोवर दिले. तिथंच पायरीवर बसून लेकरांनी स्क्रू काढले. अकरा प्लेयरमधून आठ मोटरी चालू निघाल्या. नवव्या गटानं पिवळीच ठेवली, हट्टानं. म्हणाले, "आमची ओढणारी गाडी आहे सर, पळणारी नाही."

एक गोष्ट दोन दिवस मलाच कळली नाही. व्हरांड्यात सावलीत मल्टिमीटर लावला तर पॅनल साडेपाच व्होल्ट दाखवतंय. उन्हात साडेसहा. लेकरं म्हणाली, "सर, फरक तर थोडाच आहे, मग सावलीत मोटर का फिरंना?" मी बोर्डावर व्होल्टेजची व्याख्या लिहिली आणि ती आपल्याला उपयोगाची नाही हे लिहितानाच लक्षात आलं. मग मीटर करंटवर टाकला. उन्हात १६२ मिलिअँपिअर, व्हरांड्यात ९. लेकरं गप्प झाली. टाकी भरलेली दिसते पण नळाला करंगळीएवढी धार, असं एकीनं सांगितलं. लातूरच्या लेकरांना पाण्याचं उदाहरण शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या गटानं आपल्या पॅनलला उसनं पॅनल जोडून बघितलं. एकामागं एक जोडली तर व्होल्ट दुप्पट, पण पिवळ्या मोटरीची गाडी जागची हलली नाही. शेजारी-शेजारी, प्लसला प्लस जोडलं तर लगेच सुटली. भंगारवाला सर, तुमचं "पॅनल ओतत नाही" हे वाक्य आता वर्गाच्या भिंतीवर लिहिलंय.

कन्नडचा_घाट | ९ फेब्रुवारी, सकाळी १०:००

मेमध्ये घ्या की. तेव्हाच तर खरं ऊन. लातुरात १३-१४ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली. पॅनल आडवं ठेवलं तरी पूर्ण नेम.

भंगारवाला_इंजिनिअर | ९ फेब्रुवारी, दुपारी २:४०

नेम लागेल, पण पॅनल भाजेल. पॅनलला ऊन हवं, उष्णता नको. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद जाते. मेमध्ये काळं पॅनल ६५ अंशांना सहज पोचतं, म्हणजे १६ टक्के गेली. फेब्रुवारीतलं ऊन आणि फेब्रुवारीतली हवा हीच चांगली. आणि मेमध्ये शाळा नसते, भाऊ.

माळरान | २८ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

२८ला शनिवार, सकाळची शाळा, साडेअकराला सुटते. म्हणून शर्यत काल शुक्रवारी लावली, दुपारी बारा ते दीड. जेवणाच्या वेळेला कोण येणार असं वाटलं होतं. २६ जानेवारीपेक्षा जास्त लोक आले. बहुतेक हसायलाच आले असावेत.

ट्रॅकची दिशा लेकरांना आदल्या दिवशी सांगितली नव्हती. सकाळी खुंट्या ठोकल्या, मग त्यांना पॅनलचा कोन बदलायला अर्धा तास दिला. खिळे घेऊन सगळी मैदानात पालथी. तीन गटांनी पॅनल पक्कं चिकटवलं होतं, त्यांची पंचाईत झाली. एका गटानं आईस्क्रीमच्या काड्यांची बिजागरी केली होती, ती दोन मिनिटांत वळली.

सोडव-जोडमध्ये दोन गट अडकले. त्यातल्या एका गटाचा "इंजिनिअर" चिठ्ठीत आलाच नाही, आली त्याची गटातली पोरगी, आणि तिला वायर कुठली कुठं ते माहीत नव्हतं. तिनं सरळ सांगितलं, "हा मला हात लावू देत नव्हता." गाव ऐकत होतं. पोरगा खाली बघत होता. गट शर्यतीत ठेवला, पण जोडायचं तिनंच असं ठरलं. बारा मिनिटं लागली. जोडली तिनं.

नऊपैकी आठ गाड्या शेवटपर्यंत गेल्या. पहिली आली ११ सेकंदांत: सीडीची दोनच चाकं मागं, पुढं चाकाऐवजी एक बटण, आणि सीडीच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. ती पट्टी नव्हती तेव्हा चाक जागेवरच घसरत होतं. थांबली ती गाडी फुफाट्यानं नव्हे, तंगूसच्या गाठीत सेफ्टी पिन अडकून. ती गाठ माझी होती.

पिवळ्या मोटरीवाले शेवटचे आले, ५२ सेकंद. पण रेषा ओलांडल्यावर त्यांनी मागं दोरीनं विटेचा तुकडा बांधला आणि गाडी तो ओढत निघाली. टाळ्या पहिल्या गाडीपेक्षा त्यांना जास्त पडल्या. याला बक्षीस कुठल्या नियमात द्यायचं ते कळंना, म्हणून पुढच्या वर्षी ओढायची वेगळी शर्यत.

रेणापूरकर | २८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:००

वीट ओढणाऱ्या लेकरांना आमच्याकडून एक पॅनल. जुन्या फवारणी पंपावरचं आहे, काचेला तडा आहे पण चालतं. पत्ता कळवा.

गोदाकाठची | २८ फेब्रुवारी, रात्री ८:३०

बारा मिनिटांत जोडणाऱ्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि झेंड्याचं काय केलंत? काढू दिला का त्यांनी?

माळरान | २८ फेब्रुवारी, रात्री ९:०५

काढला नाही, हलवला. गाड्यांवर एकही नाही. एकच मोठा, शेवटच्या रेषेवर. कुठल्या बाजूला रोवायचा यावर सहावीची अन् सातवीची दहा मिनिटं भांडणं. शेवटी उत्तरेला रोवला.

भंगारवाला_इंजिनिअर | २८ फेब्रुवारी, रात्री ९:२०

उत्तरेलाच. दुपारची सावली ट्रॅकपासून लांब पडते.